भूकंपानंतर उघड्यावरचा स्वयंपाक: तिसऱ्या दिवशी चूल का अडते आणि त्यावर काय करायचं

शहरात मोठा भूकंप झाला की पहिला दिवस बहुतेकांचा कोरड्या खाण्यावर निघतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तीन विटा मांडतं, मोडक्या फर्निचरचं लाकूड गोळा होतं आणि काहीतरी गरम पोटात जातं. अडचण सुरू होते ती तिसऱ्या दिवशी. जळण संपत आलेलं असतं, पाण्याचे डबे तळाला गेलेले असतात, धुराने डोळे चुरचुरत असतात, भांड्यात तळाला करपलेलं आणि वर कच्चं असतं आणि एक-दोघांचं पोट बिघडलेलं असतं. मग सगळे मिळून आणखी मोठा जाळ करतात आणि चौथ्या दिवशी जळण पुरतंच संपतं.

गेली काही वर्षं मी वर्षातून एकदा सलग तीन दिवस घरातला गॅस, वीज आणि नळ बंद ठेवून उघड्यावर चार माणसांचा स्वयंपाक करते. तीनच दिवस का, तर दोन दिवस कसंही निभतं. गाडी अडते ती तिसऱ्या दिवशीच. दर वेळी त्याच त्या जागी अडल्यावर एक गोष्ट मला पटली. जाळ वाढवून हा प्रश्न सुटत नाही. चुलीवर टाकलेलं काम कमी केलं की सुटतो. खाली एकेक तक्रार घेऊन तिचं कारण आणि उपाय लिहिला आहे. तुमची जी अडचण असेल तिथून वाचा, पण पुढचा पहिला भाग मात्र कुणीच गाळू नका.

काडी ओढण्याआधी

घराला तडे गेले असतील तर आत चूल, शेगडी, मेणबत्ती काहीही पेटवायचं नाही. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरलं. त्याच सकाळी एका घरात न्याहारीसाठी चूल पेटवली गेली. धुराडं भूकंपात मोडलेलं होतं, तिथून आग भिंतीत शिरली आणि शहराचा मोठा भाग घेऊन गेली. जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटले होते, त्यामुळे बंबवाल्यांच्या हातात पाणीच नव्हतं. ती आग आजही 'हॅम अँड एग्ज फायर' या नावाने ओळखली जाते. पुढे धुराड्यांची तपासणी होईपर्यंत घरात जाळ करायला बंदी आली. लोकांनी चुली ओढत रस्त्याच्या कडेला आणल्या, भोवती मोडकी दारं आणि फळ्यांचा आडोसा उभा केला आणि कित्येक आठवडे तिथेच रांधलं.

जपानमधला १९२३ सालचा कांतो भूकंप दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांचा, म्हणजे घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या असतानाचा. त्या दिवसांत एक लाखाहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत. म्हणून हादरा थांबल्यावर सगळ्यात आधी गॅसचा वास घ्या. वास आला तर बटण दाबू नका, फोनही तिथे वापरू नका. दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा आणि बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करता येत असेल तर करा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो खड्ड्यात, तळघरात, पायऱ्यांच्या तळाशी साचून राहतो. अशा खोलगट जागेजवळ चूल मांडायची नाही.

चुलीची जागा निवडताना आधी वर बघा. गॅलरी, सज्जा, लोंबकळणारी तार, तडा गेलेली कुंपणाची भिंत, यातलं काहीही डोक्यावर किंवा शेजारी नको. भिंत जितकी उंच, तितकं तरी तिच्यापासून लांब बसा. मग खाली बघा. सिमेंटच्या फरशीवर थेट जाळ केला की काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होते आणि कपचे उडतात, डोळ्यात जाण्याइतक्या जोराने. फरशीशिवाय इलाज नसेल तर आधी चार बोटं जाड वाळू किंवा माती पसरा. नदीपात्रातले गोटे चुलीला लावू नका, तेही पाणी धरून असतात आणि फुटतात. पक्क्या भाजलेल्या कोरड्या विटा सगळ्यात बऱ्या. शेजारी वाळूची एक बादली ठेवा, तिला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही.

तक्रार: नुसता धूर, जाळ धरत नाही

कारणं तीनच असतात आणि बहुधा तिन्ही एकदम असतात. लाकूड ओलं, खालून हवा बंद आणि तोंडात सरपण कोंबलेलं.

लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. कोरडं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळवतं, मग उरलीसुरली धग भांड्याला देतं. ते फेकू नका. अंगठ्याएवढ्या जाडीच्या ढलप्या काढा आणि चुलीच्या बाजूला, झळ लागेल पण पेट घेणार नाही अशा अंतरावर उभ्या रचा. आजचं जळण कालच वाळत घातलेलं असलं पाहिजे. हे एकदा अंगवळणी पडलं की धुराची निम्मी तक्रार संपते.

हवेचं म्हणाल तर लाकडं थेट जमिनीवर टेकवू नका. आडवी वीट किंवा लोखंडी जाळी टाकून त्यावर सरपण ठेवा, म्हणजे खालून हवा जाईल. राख साचली की मधूनमधून ओढून काढा. आणि एका वेळी तीन-चार ढलप्यांवर थांबा. टोकं जळत जातील तशी पुढे सरकवायची. सगळं सरपण एकदम घातलं की आत हवेला जागाच उरत नाही, मग फुंकणीने फुंकून फुंकून जीव जातो आणि चूल काही ऐकत नाही.

ढिगाऱ्यातलं लाकूड वापरताना मात्र मन घट्ट करावं लागतं. समोर पडलेलं सगळंच जळण वाटतं, पण रंगवलेल्या जुन्या चौकटीत शिसं असू शकतं. प्लायवूड आणि लॅमिनेट लावलेल्या फळ्यांत डिंक आणि प्लास्टिक असतं. वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेल्या हिरवट झाकीच्या लाकडात आर्सेनिक असू शकतं आणि ते जळून नाहीसं होत नाही, धुरात आणि राखेत उतरतं. म्हणजे त्या राखेने भांडीही घासायची नाहीत. वायरचं वेष्टण, पाइपचे तुकडे, फोम, रबर चुलीजवळही नकोत. साधं, न रंगवलेलं, सरळ कापलेलं लाकूड, वाळलेल्या फांद्या, पुठ्ठा, कागद, एवढंच घ्यायचं. खिळे निघत नसतील तर लाकूड तसंच जाळा, पण राखेतून खिळे वेचून डब्यात टाका. अंधारात पाय तिथेच पडतो.

तक्रार: जळण पुरत नाही

हा भाग लांबणार आहे, कारण सगळं इथेच अडतं.

आधी उकळी म्हणजे काय ते नीट पाहू. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर उकळतं पाणी वाफ करून उडवायला जवळपास २,२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे सातपट. याचा चुलीवरचा अर्थ असा की झाकण न ठेवता धडाधड उकळत ठेवलेल्या पातेल्यातून अर्धा लिटर वाफ उडाली, तर तेवढ्या उष्णतेत तीन लिटरहून जास्त गार पाण्याला उकळी आली असती. वर ते अर्धा लिटर पाणीही गेलं, जे कुणीतरी रांगेत उभं राहून आणलं होतं.

धडाधड उकळणारं पाणीही १०० अंशांचंच आणि मंद बुडबुडे येणारंही १०० अंशांचंच. मोठ्या जाळाने धान्य लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर उडतं आणि तळ करपतो. तेव्हा पहिली उकळी येईपर्यंत जाळ मोठा, उकळी आली की दोन ढलप्या बाहेर ओढायच्या. आणि झाकण. झाकण हरवलं असेल तर ताट ठेवा, ताट नसेल तर दुसरं पातेलं उपडं घाला. मला एकच सवय शिकवायची मुभा असती तर मी हीच शिकवली असती.

दुसरी गळती भांड्याच्या कडेने होते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत धगीचा मोठा हिस्सा बाजूने निसटून जातो, आणि वारा असेल तर भांड्याला जेमतेम झळ लागते. भांड्याभोवती पत्र्याचं कडं करा. डब्याचा पत्रा कापून केलेलं चालतं. कडं आणि भांडं यांत बोटभर फट ठेवा. फट मोठी झाली तर धग सरळ वर जाते, अगदी नसली तर चूल गुदमरते आणि परत धूर. हातात विटा असतील तर चौकोनी नळकांडं रचा: चार थर उंच, मध्ये वीतभर रुंद पोकळी, खालच्या थरात एका बाजूला सरपण सरकवायला तोंड. वर भांडं ठेवताना कडेला दगडाचे तीन छोटे तुकडे ठेवून ते बोटभर उचला. अशी चूल काटक्यांवर चालते, जाळ एका जागी धरते आणि धूर आतच जळून जातो. थर दडपून बसवा, बाहेरून माती लावा आणि वर जड, उंच भांडं चढवू नका. हादऱ्याची गोष्ट पुढे येतेच.

तिसरा उपाय सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा आहे. अन्न चुलीवर शिजवून पूर्ण करायचं नाही. चुलीवर फक्त उकळवायचं, बाकीचं गुंडाळून ठेवून शिजू द्यायचं.

आधी भिजवा. सगळी कडधान्यं आणि टणक धान्यं रात्रभर पाण्यात राहिली की शिजायला कितीतरी कमी वेळ लागतो. सकाळी भांडं किमान दोन तृतीयांश भरेल इतकं अन्न आणि पाणी घ्या. अर्धं रिकामं भांडं उष्णता धरत नाही, आणि इथेच पहिल्यांदा करणाऱ्यांचा अंदाज चुकतो. झाकण ठेवून उकळी आणा. तांदळासारखं बारीक धान्य पाच मिनिटं, जाड कडधान्य १५ ते २० मिनिटं नीट उकळू द्या. मग झाकण न उघडता भांडं पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खाली, वर आणि चारी बाजूंनी वीतभर जाडीचे कपडे, चुरगाळलेले कागद, उशा, जे मिळेल ते दाबून भरा. थंडीत पांघरुणं माणसांना लागतात, म्हणून ती यात घालू नका. कागदाचे बोळेही तितकंच काम करतात. बारीक धान्याला तास-दीड तास, कडधान्याला तीन-चार तास द्या. मध्ये उघडून बघायचं नाही. बघितलंत तर वाफ गेली आणि पुन्हा उकळावं लागेल.

उघडल्यावर अन्न हाताला चटका बसेल इतकं कढत असायला हवं. वाढण्याआधी पुन्हा एक खणखणीत उकळी द्या. कोमट झालेलं असेल आणि किती वेळ तसं होतं ते सांगता येत नसेल, तर कितीही जिवावर आलं तरी टाकून द्या. राजमा या पद्धतीत परस्पर घालू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, आणि मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही जास्त बाधू शकतो. तो किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मग खोक्यात. मांसाचे मोठे तुकडेही या खोक्यात नकोत, आतपर्यंत उष्णता पोचली की नाही हे कळत नाही.

आणखी एक. चार बिऱ्हाडांच्या चार चुली पेटवण्यापेक्षा एका मोठ्या भांड्यात एकत्र रांधा. मोठ्या भांड्यात अन्न जास्त आणि त्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी, म्हणून उष्णता टिकते. एकत्र रांधायचं म्हटलं की कुणाचं काय किती यावरून कुरबुर होते, हे मी पाहिलं आहे. त्यावर माझा तोडगा असा की घरटी धान्य एकत्र करण्याऐवजी जळण आणि पाणी एकत्र करावं आणि पातेलं एकच ठेवावं. ज्याला वेगळं काही हवं असेल त्याने ते आपल्या ताटात घालावं.

चुलीचा दिवसही आखून घ्या. पेटती चूल एकदाच: आधी जेवणाचं आधण, लगेच त्याच जाळावर पिण्याचं पाणी, आणि निखाऱ्यांवर हात-तोंड धुवायचं पाणी. दिवसातून तीनदा पेटवलेली चूल केवळ विटा तापवण्यातच किती जळण खाते ते एकदा मोजून बघा.

तक्रार: पाणी संपतं

पिणं, रांधणं आणि जुजबी स्वच्छता मिळून माणशी रोज १५ लिटर पाणी धरावं, असा आपत्कालीन मदतकार्यातला आंतरराष्ट्रीय निकष आहे. त्यातलं नुसतं जगण्यापुरतं, म्हणजे पिण्याचं आणि अन्नातलं, अडीच ते तीन लिटर. उन्हाळ्यात आणि ढिगारा उपसणाऱ्यांना जास्त.

सगळं पाणी उकळायची गरज नाही, आणि इथे पुष्कळ जळण वाचतं. जे पाणी आधणात जाणार आहे ते वेगळं उकळू नका, ते आपोआप उकळणारच आहे. पिण्याच्या पाण्यासाठी ५ ते ६ टक्के तीव्रतेचं साधं, वास न घातलेलं क्लोरीन ब्लीच मिळालं तर लिटरला दोन थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी फडक्यातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. ब्लीचही नसेल आणि ऊन असेल, तर पारदर्शक प्लास्टिकच्या दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या स्वच्छ पाण्याने भरून सहा तास कडक उन्हात आडव्या ठेवा. आभाळ असेल तर दोन दिवस. हे काहीच जमत नसेल तर उकळा. पूर्ण खळखळ उकळी एक मिनिट पुरते, २,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. दहा-वीस मिनिटं उकळत बसण्याने जळण जातं, पाणी जास्त शुद्ध होत नाही.

पाणी शोधताना घरातलंच विसरतो आपण. गीझरच्या टाकीत १५ ते २५ लिटर असतं. वीज बंद आहे याची खात्री करून, गार झाल्यावर खालच्या नळाने काढा. फ्रीजरमधला बर्फ आहे. फ्लशच्या वरच्या टाकीतलं पाणी, त्यात औषधी वडी टाकलेली नसेल तर, शुद्ध करून वापरता येतं. मात्र गाडीच्या रेडिएटरचं किंवा ज्यात रसायन, तेल, रंग मिसळल्याचा संशय आहे ते पाणी कितीही उकळलं तरी पिण्याजोगं होत नाही. नळाला अचानक पाणी आलं तरी लगेच पिऊ नका. जमिनीखाली पाण्याचा आणि सांडपाण्याचा नळ शेजारी शेजारी फुटलेला असतो.

तक्रार: सगळ्यांचं पोट बिघडलं

आधी फ्रिजचा क्रम तपासा. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज चार तास गारवा धरतो, भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. म्हणून पहिल्या दिवशी फ्रिजमधलं, मग फ्रीजरमधलं आणि शेवटी कोरडं आणि डबाबंद असं संपवायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: घाबरून पहिल्या दिवशी बिस्किटं संपतात आणि तिसऱ्या दिवशी वितळलेलं मांस शिजवलं जातं. फुगलेला डबा फेकून द्या. चांगला डबा गरम करायचा असेल तर आधी उघडा, बंद डबा जाळावर फुटतो.

शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचं नाही, कडक उन्हाळ्यात एकच तास. त्यामुळे उरेल इतकं रांधूच नका. रात्रीचं सकाळी हा हिशेब फ्रिज असेपर्यंतचा होता.

मग हात. २०११ च्या फेब्रुवारीत क्राइस्टचर्चला भूकंप झाला तेव्हा सांडपाण्याचं जाळंच निकामी झालं आणि लोकांना परसात खड्डे खणून शौचाची सोय करावी लागली. तुमच्यावर ती वेळ आली तर खड्डा चुलीच्या आणि पाण्याच्या जागेपासून ३० मीटर तरी लांब आणि उताराच्या बाजूला खणा, दर वेळी माती टाका. चुलीजवळ तळाला बारीक भोक पाडलेली पाण्याची बाटली टांगा. झाकण सैल केलं की धार लागते, आवळलं की थांबते. कपभर पाण्यात साबणाने हात नीट धुतले जातात. ज्याला जुलाब होत आहेत त्याने भांड्याला हात लावायचा नाही, कितीही चांगला स्वयंपाकी असला तरी. अल्कोहोलचं सॅनिटायझर लावलं तर हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय जाळाजवळ जाऊ नका.

भांडी घासायला पाणी नसतं, ही तक्रारही इथलीच. ताटावर पातळ प्लास्टिक किंवा स्वच्छ कागद पसरून जेवा आणि तो काढून टाका. ताट पुसलं तरी भागतं. करपलेलं पातेलं साध्या लाकडाच्या राखेने कोरडंच घासा, मग वाटीभर गरम पाण्याने विसळा.

जुलाब लागलेल्या माणसासाठी एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याच्या मापाने, विरघळवून घोट घोट देत राहा. मीठ अंदाजाने टाकू नका. रक्त पडत असेल, लहान मूल मलूल झालं असेल किंवा लघवी थांबली असेल तर वाट न बघता वैद्यकीय मदत शोधा.

तक्रार: डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते

ही तक्रार धुराने झाली असं समजून लोक सोडून देतात. पाऊस किंवा थंडी आली की चूल आडोशाला सरकते, मग तंबूच्या तोंडाशी, मग निखाऱ्यांचं घमेलं आत. निखारे शांत दिसतात, धूर नसतो, म्हणून निर्धास्त वाटतं. पण लाल निखाऱ्यांमधून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तंबू, गाडी, गॅरेज, तळघर, ताडपत्रीने तीन बाजू बंद केलेली जागा, यात निखारे, शेगडी, जनरेटर काहीही नेऊ नका. जनरेटर तर दारं-खिडक्यांपासून सहा मीटर लांब ठेवा. एकाच जागी बसलेल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांना उघड्यावर काढा. झोपलेल्यांना आधी उठवा. ऊब हवी असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पांघरुणात घ्या.

पावसासाठी ताडपत्री बांधायचीच असेल तर उंच बांधा, चारी बाजू मोकळ्या ठेवा.

तक्रार: हादरा आला आणि पातेलं उलटलं

मोठ्या भूकंपानंतर धक्के येतच राहतात. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि १२ मे रोजी, म्हणजे १७ दिवसांनी, ७.३ चा. तोवर चुलीची सवय झालेली असते, आणि सवय झाली की माणूस उकळत्या भांड्यावर ओणवं होतं.

भांडं बसकं आणि रुंद वापरा, काठोकाठ भरू नका. चुलीभोवती हातभर अंतरावर विटांची किंवा दोरीची रेघ आखा, मुलांनी ती ओलांडायची नाही. जमीन हलली की भांडं सावरायला जाऊ नका, मागे सरा. अन्न गेलं तर जाऊ दे. भाजल्यासाठी एक बादली स्वच्छ पाणी कायम राखून ठेवा. भाजलेल्या जागेवर लगेच गार पाणी ओता आणि एकूण वीस मिनिटं ओतत राहा. बर्फ, तूप, टूथपेस्ट लावू नका.

रात्री निखारे राखेखाली झाकून झोपू नका. पाणी शिंपडा, काठीने ढवळा, पुन्हा शिंपडा, हात जवळ नेऊन धग तपासा. पाणी वाचवायचं असेल तर ओली माती वापरा.

गॅस आणि वीज परत आल्यावर

कोबेला १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर पाइपमधला गॅस सगळीकडे पूर्ववत व्हायला जवळपास तीन महिने लागले. वीज त्याआधी आली आणि तिच्यासोबत नव्या आगीही आल्या. भूकंपात हीटर कपड्यांवर पडलेले होते, वायरी चेपलेल्या होत्या, घरात कुणी नव्हतं, आणि प्रवाह सुरू झाला. म्हणून घर सोडताना मेन स्विच खाली ओढा आणि दारावर तसं लिहून ठेवा. परतल्यावर आधी सगळी उपकरणं सॉकेटमधून काढा, पडलेल्या वस्तू उचला, मग मेन सुरू करा आणि एकेक उपकरण लावून बघा. गॅसचा व्हॉल्व्ह तुम्ही बंद केला असला तरी उघडायचं काम गॅस कंपनीच्या माणसाचं. तो येऊन तपासून जाईपर्यंत बाहेरची चूल मोडू नका आणि उद्याच्या ढलप्या आजच वाळत घाला.